सिग्नलला तापते, हायवेला निवते : जुन्या गाडीचं दुखणं नेमकं कुठे?

मरोळची_मैना | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, शेवटी गाडीने लिहितं केलं.

जानेवारीत २०१२ ची एक पेट्रोल हॅचबॅक घेतली. चार सिलिंडर, ९४ हजार किलोमीटर, मी तिसरी मालकीण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही घ्यायलाच नको होती" वर जाईल आणि परत येणार नाही. रोजचा रस्ता मरोळ ते मुलुंड. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रोच्या कामापायी पवईपासून गांधीनगरपर्यंत काय चालतं ते ठाऊक असेलच. तिथे वीस मिनिटं अडकलं की तापमानाचा काटा मध्यावरून उठतो आणि लाल पट्टीकडे निघतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून गाडी साठच्या वर पळाली की पाच मिनिटांत काटा मुकाट्याने जागेवर.

आतापर्यंत काय केलं : फेब्रुवारीत पहिल्यांदा तापली तेव्हा रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता. गॅरेजवाल्याने मोटर बदलली, महिनाभर बरं गेलं. मार्चमध्ये ऊन वाढलं तसं परत सुरू. मग रेडिएटर काढून धुतला, कूलंट बदललं. तरी तापतेच म्हटल्यावर "मॅडम, मुंबईत वॉल्व्ह लागतच नाही" म्हणत थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढून टाकला. नऊ हजार गेले. परवा दुसऱ्या गॅरेजला दाखवली. त्याने बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही, म्हणाला हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील) गेलंय, हेड उतरवायचं, फेसिंग करायचं म्हणजे घासून सपाट करायचं, २२ हजार धरा.

फॅन चालू होतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पाणी आठवड्याला अर्धी बाटली घालावं लागतं. एसीही सिग्नलला थंड करत नाही, त्यात गॅस भरायला सांगितलाय, ते नंतर बघू. २२ हजार घालावेत का?

सव्वाशेर | सोमवार, रात्री ९:५८

हेड गॅस्केट. डोळे मिटून सांगतो. पाणी कमी होतंय, गाडी तापतेय, बाकी सगळं बदलून झालंय. आणखी काय उरलं? दादा, खर्च करत बसण्यापेक्षा विकून मोकळे व्हा.

चहाबिस्किट | सोमवार, रात्री १०:०३

मेट्रो ६ होईपर्यंत थांबा. गाडीही गार, डोकंही गार. ;)

मरोळची_मैना | सोमवार, रात्री १०:१०

सव्वाशेर, दादा नाही, ताई. आणि मेट्रो होईपर्यंत माझी निवृत्ती होईल.

अर्धवट_इंजिनिअर | सोमवार, रात्री १०:४१

हेड खोलायच्या आधी जरा थांबा. तुमच्या पहिल्याच परिच्छेदात अर्धं उत्तर आहे.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कूलंटवाटे बाहेर काढावा लागतो. गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपोआप जातो, फॅनला फारसं काम उरत नाही. उभ्या गाडीत मात्र हवा ओढायची सगळी जबाबदारी त्या एका फॅनवर. म्हणून नियम असा, की सिग्नलला तापणारी आणि हायवेला निवणारी गाडी बहुतेक वेळा हवेसाठी रडत असते. फॅन, त्याचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच), तापमानाचा सेन्सर, किंवा जाळीत अडकलेला कचरा. याउलट चढावर किंवा वेगात तापणारी गाडी पाण्यासाठी रडते : आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अडकलेला थर्मोस्टॅट. गॅस्केट गेलं असेल तर जास्त भार पडतो तिथे, म्हणजे घाटात, ते आधी बोंब मारेल.

नियमाला अपवाद असतात, पण सुरुवात इथून करायची.

घाटरस्ता | सोमवार, रात्री ११:१५

बाकी चर्चा चालू द्या, एक सांगून ठेवतो. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या मामांनी कसारा घाटात उघडलं होतं. फडकं गुंडाळून, "हळूच" उघडलं. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी आजही वेगळ्या रंगाची आहे. इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबायचं, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला कोमट लागला पाहिजे. आणि तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. तेवढ्यावर गाडी कडेला घेण्याइतका वेळ मिळतो. काटा लालमध्ये गेला तर मात्र पुढे रेटायचं नाही.

जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ६:२०

नमस्कार. बेस्टच्या आगारात वर्कशॉपला २६ वर्षं काढली. आमची इंजिनं डिझेलची आणि मोठी, पण पाणी सगळीकडे सारखंच वाहतं.

मैनाताई, पार्ट बदलणं आणि दुखणं शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्याकडे आतापर्यंत पहिलंच झालंय. मला काही गोष्टी सांगा. घाटात कधी नेली का, तेव्हा काटा कुठे होता? सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा जाड होज बघा, फुगलेला, साधा की चपटा? बाजूची प्लॅस्टिकची टाकी आणि रेडिएटर दोन्हींतली पातळी वेगवेगळी बघा. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसा, चहात दूध पडल्यासारखं दिसतंय का? थंड गाडीचं झाकण उघडून सुरू करा, पाण्यात सतत बुडबुडे येतात का? आणि एसी. एसी "नंतर बघू" म्हणालात. चालत्या गाडीत एसी कसा असतो?

फोटो नकोत, बघून सांगा.

कल्याण_स्लो | मंगळवार, सकाळी ८:०५

लोकलमधून लिहितोय, चुका पोटात घाला. पाणी कुठलं घालता? आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी गाड्या धुवायला ठेवलंय आणि वॉचमन तेच रेडिएटरला घालतो. माझ्या जुन्या गाडीचा रेडिएटर उघडला तेव्हा आत बादलीच्या तळाला धरतं तसलं पांढरं पुट. मुंबईत पालिकेच्या नळाला तलावांचं पाणी येतं, ते त्या मानाने मृदू. बोअर आणि टँकरचं जड, त्याने नळ्या आतून बुजतात. सगळ्यात सोपं म्हणजे पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं ते.

मरोळची_मैना | मंगळवार, रात्री ८:५०

काका, सगळं बघितलं. एकेक सांगते.

एप्रिलमध्ये लोणावळ्याला गेलो होतो. चार माणसं, डिकीत सामान. बोरघाटात काटा हललासुद्धा नाही! तेव्हा मला वाटलं गाडी बरी झाली. दुसऱ्या दिवशी पवईला परत तेच.

होज सकाळी चपटा होता, कोणीतरी चिमटीत धरल्यासारखा. टाकी जवळजवळ काठोकाठ आणि रेडिएटरमध्ये मात्र पाणी बोटभर खाली. ऑइल स्वच्छ, काळपट, दूध वगैरे काही नाही. बुडबुडे सुरुवातीला दोन-चार आले, मग बंद.

चालत्या गाडीत एसी मस्त. हायवेला तर स्वेटर घालावं असा. उभी राहिली की दोन मिनिटांत पंख्याची हवा.

कल्याण_स्लो, अहो आमच्याकडेही टँकरचंच पाणी. आजपासून बंद.

सव्वाशेर | मंगळवार, रात्री ९:१२

दोन-चार बुडबुडे आले म्हणताय, तेच ते. गॅस्केट.

अर्धवट_इंजिनिअर | मंगळवार, रात्री ९:३०

सव्वाशेर, सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, विशेषतः रेडिएटर नुकताच काढून बसवला असेल तर. गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येतो. मग बुडबुडे थांबत नाहीत, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होतो. पाणी अजून गरमही झालेलं नसतं, मग दाब आला कुठून, असा तो प्रश्न. इथे होज चपटा आहे. नेमकं उलटं.

चपटा होज आणि भरलेली टाकी हे झाकणाचं काम. रेडिएटरच्या झाकणात दोन वॉल्व्ह असतात. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पहिला उघडतो आणि जादा पाणी टाकीत सोडतो. इंजिन थंड होताना पाणी आकसतं, तेव्हा दुसरा, छोटा, उघडून तेच पाणी परत आत घेतो. छोटा अडकला की पाणी टाकीतच राहतं, आत पोकळी होते आणि होज दबतो. तुम्ही आठवडाभर घातलेली अर्धी बाटली हरवत नसावी, टाकीत जाऊन बसत असावी, आणि टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या नळीने रस्त्यावर.

दाबाचं महत्त्व सांगतो. साधं पाणी मुंबईत १०० अंशांना उकळतं, लोणावळ्यात ९८ च्या आसपास. झाकण ०.९ बारचा दाब धरत असेल तर तेच पाणी ११८ पर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट घातलं तर मर्यादा १२५ च्या वर जाते. झाकणाचं रबर वाळलं की हे सगळं वरचं अंतर गेलं. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू आहे, पण त्यावर छापलेला आकडा जुन्या झाकणाशी जुळवून घ्या.

जाता जाता : कूलंट जास्त घातलं म्हणजे गाडी जास्त गार, हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकोलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य घटकापेक्षा, सरस. कूलंट घालायचं ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला. म्हणून निम्मं-निम्मं, कॅन अख्खा उपडा करायचा नाही. हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग, त्यावरून जात ओळखता येत नाही.

चहाबिस्किट | मंगळवार, रात्री ९:४४

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

जुना_फिटर | बुधवार, सकाळी ६:०५

इंजिनिअर साहेबांनी झाकणाचं बरोबर सांगितलं. ते बदलाच. पण जेव्हीएलआरला काटा चढतो तो झाकणामुळे नाही. झाकण खराब असेल तर पाणी लवकर उकळेल. आधी तापतंय का, हा प्रश्न उरतोच.

आता एसीकडे या. तुमच्या गाडीत बंपरच्या मागे पहिली जाळी एसीची, म्हणजे कंडेन्सर. त्याला चिकटून मागे रेडिएटर, आणि त्याच्या मागे फॅन. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा दोघांना मिळून एकच फॅन असतो. उभ्या गाडीत एसी मरतो आणि काटा चढतो, चालत्या गाडीत एसी जिवंत होतो आणि काटा उतरतो. ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. गॅस भरू नका. गॅस कमी असता तर हायवेलाही स्वेटर लागलं नसतं. घाटात चार माणसं घेऊन काटा हलला नाही म्हणजे पंप, रेडिएटर आणि हेड यांनी परीक्षा दिली आणि ते पास झाले.

तुम्ही म्हणता फॅन फिरतो. फिरतो हे मान्य. कुठल्या बाजूला फिरतो ते कोणी बघितलं?

फेब्रुवारीत मोटर बदलली ना? डीसी मोटरला दोन वायरी असतात. त्या उलटसुलट लागल्या तरी मोटर तितक्याच जोरात, तितकाच आवाज करत फिरते, फक्त उलटी. हवा समोरून आत ओढायच्या ऐवजी इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलते. माणूस बॉनेट उघडून बघतो, म्हणतो फॅन चालू आहे, आणि रेडिएटर काढायला घेतो.

संध्याकाळी गाडी सुरू करून एसी लावा, बॉनेट बंदच ठेवा. समोर जाळीपाशी उभ्या राहा. गुडघ्यांना काय लागतं ते बघा. मग वर्तमानपत्राचं एक पान जाळीला लावून सोडा. चिकटून राहिलं तर फॅन बरोबर. ओढणी, केस, बोटं लांब. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा बंद गाडीतही आत हात घालू नका.

कल्याण_स्लो | बुधवार, सकाळी ८:११

काका, दंडवत. ठाकुर्ली गेलं तरी वाचतोय.

मरोळची_मैना | बुधवार, रात्री ८:२२

उडालं!!!

पुरवणीचं पान लावलं, सोडलं, आणि ते फडफडत शेजारच्या स्कूटरवर जाऊन पडलं. तीनदा केलं. गुडघ्यांना हेअर ड्रायर लावल्यासारखा गरम झोत. चार महिने मी या गाडीसमोरून भाजीच्या पिशव्या घेऊन जातेय, पायाला गरम लागायचं, वाटायचं गाडी तापलीय म्हणून असेल.

आईने खिडकीतून विचारलं, गाडीला पेपर वाचून दाखवतेस का.

घाटरस्ता | बुधवार, रात्री ८:३०

हसून हसून पुरे वाट. आणि त्याच हवेने २२ हजारांचं हेड उतरणार होतं.

अर्धवट_इंजिनिअर | बुधवार, रात्री ८:५१

काकांना सलाम. मी "फॅन चालतो" हे वाक्य वाचून पुढे गेलो होतो, हे कबूल करतो.

एक बारीक मुद्दा, उद्या कोणी सुचवेल म्हणून. पातं काढून उलटं बसवलं तर हवेची दिशा बदलत नाही, फक्त जोर कमी होतो. दिशा बदलायची तर मोटरच उलटी फिरायला हवी. तेव्हा पात्याला हात लावू देऊ नका, मोटरपाशी दोन वायरींची अदलाबदल करा.

जुना_फिटर | गुरुवार, सकाळी ६:१०

बरोबर. आणि वायर बदलल्यावर मधला नट तपासून घ्या. पुष्कळ पंख्यांना उलट्या आट्यांचा नट असतो, पातं नेहमीच्या दिशेने फिरताना तो आवळला जावा म्हणून. चार महिने उलटं फिरलंय, सैल झाला असेल. पातं निसटून रेडिएटरमध्ये गेलं तर खरंच खर्च होईल. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर, श्राउड, अख्खं आहे का तेही बघा. ते नसलं तर फॅन स्वतःच्या आजूबाजूचीच हवा ढवळत बसतो.

मरोळची_मैना | शुक्रवार, रात्री ९:१५

वायरमनने दहा मिनिटांत बदलून दिलं, शंभर रुपये. नट खरंच हाताने फिरत होता, काका. पान आता जाळीला असं चिकटतं की ओढून काढावं लागतं. श्राउडचा खालचा कोपरा तुटलेला निघाला, बहुतेक आधीच्या मालकाने पुढून कुठेतरी ठोकलंय. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना मिळाला. झाकण नवीन.

मोटर बसवणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, वायर सरळच होती, मोटरच उलटी आली असेल." मी म्हटलं बरं.

तरी सव्वाशेर यांचं मनात राहिलंच आहे. चार महिने तापत चालवलीय, हेडला काही झालं नसेल ना?

सव्वाशेर | शुक्रवार, रात्री ९:४०

फॅनच्या बाबतीत मी तोंडावर पडलो, मान्य. पण हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. सारखं तापून हेड वाकतं आणि मग गॅस्केट जातं. म्हणजे आज नसेल तर उद्या. एक रासायनिक चाचणी असते. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. जळका वायू असेल तर निळं पिवळं होतं. जरा मोठ्या गॅरेजमध्ये करून देतात, हेड उतरवायची गरज नाही. आणि पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांमध्ये दमट हवेची वाफ तिथे जमते. पट्टीवर दूध दिसलं तर घाबरा.

जुना_फिटर | शनिवार, सकाळी ६:३०

करून घ्या. सव्वाशेर यांनी योग्य सांगितलं.

आता थर्मोस्टॅट. तो परत बसवायचा. मुंबईत थंडी नाही म्हणून लागत नाही, हे प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकलंय. त्याचं काम नुसतं थंडीत इंजिन तापवणं नाही, पूर्ण वेळ एका तापमानाला धरून ठेवणं आहे. तो काढला की हायवेला इंजिन गरजेपेक्षा गार राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून पुरतं गरम झालेलं नाही, तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑइलमधला ओलावा उडत नाही. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच्या खाली आणखी एक चकती असते. वरचा रस्ता उघडला की ती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं. म्हणजे गाडी गार करायला काढला आणि तिथेच तापायला लागली.

नवीन आणलात तर बसवण्याआधी तपासा. त्यावर अंश कोरलेले असतात, ८२ किंवा ८८. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून मध्ये लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर शंभरपर्यंतचा हवा, तापाचा चालणार नाही. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नवीनसुद्धा कधीकधी अडकलेला येतो.

मरोळची_मैना | शनिवार, दुपारी १:०५

मायलेज १५ वरून साडेबारावर का आलं त्याचं उत्तर मिळालं. पेट्रोलवाल्यावर संशय घेत होते.

कल्याण_स्लो | शनिवार, दुपारी २:३०

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, ८० ते १०० च्या दरम्यान मध्यावरच बसून राहतो. हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ब्लूटूथचा छोटा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) घ्या, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाईलवर कूलंटचा खरा आकडा दिसतो. बघण्याचं काम शेजारी बसलेल्याला द्या.

जुना_फिटर | शनिवार, संध्याकाळी ५:४५

चांगली सूचना. काट्याबद्दल अजून एक. चढलेला काटा एकदम खाली पडला तर आनंद मानू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की तो हवेचं तापमान दाखवतो. त्या क्षणी गाडी बंद करायची.

मरोळची_मैना | बुधवार, रात्री १०:०२

उशीर झाला, सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

निळ्या द्रवाची चाचणी रविवारी केली. पाच मिनिटं धरून ठेवली, निळं ते निळंच. सव्वाशेर, मनःपूर्वक आभार, तुमच्यामुळे झोप लागली.

थर्मोस्टॅट आणला, ८२ चा. आईच्या दुधाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगला. ८१ पर्यंत ढिम्म, ८३ ला फट दिसली, ९४ ला पूर्ण उघडा. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून बाळाचा पहिला दात बघावा तशा बघत होतो. मग गॅरेजमध्ये बसवून घेतला (तिसरं गॅरेज, पहिली दोन आता बाद), निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी, गाडीचं नाक वर करून पाण्यात अडकलेली हवा काढली.

आज संध्याकाळी मुलुंडहून परत येताना गांधीनगर ते आयआयटी ३५ मिनिटं. एसी पूर्ण वेळ चालू, शेजारी भाऊ मोबाईल धरून. ८९, ९१, ९३, ९२, परत ९०. एकदा ९५ ला गेला तेव्हा भावाने श्वास धरला, फॅनचा आवाज वाढला, ९१. काटा जागचा हलला नाही आणि एसी इतका थंड की भावाने बंद करायला सांगितलं. गॅस भरलेला नाही.

घाटरस्ता | बुधवार, रात्री १०:१५

अभिनंदन! एकूण किती लागले ते लिहा ना, पुढच्यांना उपयोग होईल.

मरोळची_मैना | बुधवार, रात्री १०:२८

वायरमन १००, झाकण २४०, जुना श्राउड ४००, थर्मोस्टॅट गॅस्केटसकट ७८०, कूलंट आणि बॅटरीचं पाणी ६५०, निळी चाचणी ५००, मजुरी ९००. आधीचे नऊ हजार वेगळे.

जुना_फिटर | गुरुवार, सकाळी ६:०८

छान. दोन-तीन दिवस रोज सकाळी थंड गाडीत पातळी बघा. अडकलेली हवा हळूहळू निघते तशी ती बोटभर खाली जाईल, तेवढं घाला. त्यानंतरही जात राहिली तर वॉटर पंपाच्या खाली बघा. तिथे एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की आधी तिथे पांढरट-हिरवट ओघळ दिसतो. होज चपटा होतो का तेही कळवा.

मरोळची_मैना | रविवार, सकाळी ९:३३

काका, पहिल्या दिवशी बोटभर गेली, घातली, त्यानंतर जैसे थे. होज गोल. पंपाच्या खाली कोरडं ठणठणीत.

एक खर्च वरच्या हिशोबात धरायचा राहिला. त्या पातेल्यात आता दूध तापवणार नाही म्हणून आईने निक्षून सांगितलं. नवीन आणलं, ३८० रुपये. जुनं डिकीत ठेवलंय.